सांगलीच्या विश्रामबागेतला बिननावाचा शुगरचा डबा : चार महिने खाऊन आणि बोटं टोचून लिहितोय

आधीच सांगतो, शुगरवाल्यांसाठी घरपोच जेवणाच्या या डब्याला नाव नाही. बोर्ड नाही, कार्ड नाही, काही नाही. विश्रामबागेत कुणालाही विचारा, "शुगरवाल्या काकूंचा का?" एवढंच म्हणतात आणि गल्ली दाखवतात. त्यामुळं नाव का दिलं नाही म्हणून भांडू नका, काकूंनीच ठेवलं नाहीय तर मी कुठनं देऊ.

माझी शुगर २०१२ पासनं. तेव्हा वय त्रेचाळीस, ऑफिसच्या चेकअपमध्ये फास्टिंग, म्हणजे सकाळची उपाशीपोटीची, १६८ निघाली आणि मी म्हणलं मशीन बिघडलंय. मशीन नव्हतं बिघडलं. मग एक गोळी, मग दोन, मग दोन्ही मिळून एक मोठी गोळी, आणि अकरा-बारा वर्षं आमचं असंच चाललेलं की रिपोर्टच्या आधी पंधरा दिवस भात बंद, चहा बिनसाखरेचा, रोज आमराईत चार फेऱ्या, आणि रिपोर्ट झाला की त्याच दिवशी संध्याकाळी भडंग. आता तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, अशी पंधरा दिवसांत फसत नाही कारण ती रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, हे मला डॉक्टरांनी तीनदा सांगितलेलं. तीनदा ऐकलं आणि तीनदा पंधरा दिवसच भात सोडला.

तर झालं असं की नोव्हेंबरात पोरीच्या बाळंतपणाला बायको पुण्याला गेली, चांगली चार महिन्यांसाठी. घरात मी एकटा. मला चहा आणि मॅगी सोडून काही येत नाही, अंडं उकडतो ते पण फुटतं. पहिला आठवडा हॉटेलवर काढला, सकाळी पोहे, दुपारी राईस प्लेट, रात्री आक्खा मसूर आणि तीन रोट्या, आणि आठव्या दिवशी फास्टिंग बघितली तर २४३. त्याच आठवड्यात एचबीएवनसी पण केली, ८.९. म्हणजे हॉटेलला एकट्याला दोष देऊन चालणार नव्हतं, एका आठवड्यात ८.९ होत नाही, ती आधीच्या तीन महिन्यांची घरातली कमाई होती. बायकोला फोनवर ८.१ सांगितली. (तिनं हे वाचलं तर वाचलं.)

काकूंच्या आधी दुसरा एक डबा लावलेला, त्याचं नाव मुद्दाम देत नाही. "डायबेटिक स्पेशल" म्हणून साध्या डब्यापेक्षा आठशे रुपये जास्त. त्यातलं स्पेशल काय तर चपातीऐवजी "मल्टिग्रेन" चपाती, तीन, चांगल्या तव्याएवढ्या, आणि रोज एक वाटी गुळाची खीर नाहीतर गुळाचा शिरा, का तर साखर नाही ना घातली! एकादशीला साबुदाणा खिचडी, वर बटाट्याची भाजी. मी फोन केला तर समोरचा म्हणतो गूळ नॅचरल असतो काका, शुगरला चालतो. आता आपण सांगली-कोल्हापूरची माणसं, गूळ काय असतो ते आपल्याला पुण्या-मुंबईच्या माणसानं सांगायची गरज नाही, त्याच उसाचा रस, त्याच रसातनं साखर आणि त्याच रसातनं गूळ. गुळात थोडं लोह-बिह जास्त असेल, पण बहुतेक सगळी साखरच. रक्ताला त्याचा रंग कळत नाही. अकरा दिवसांत बंद केला, उरलेले पैसे परत मिळाले नाहीत, जाऊ दे.

मग ऑफिसातल्या एकानं काकूंचं सांगितलं. मला वाटलं फोन करायचा, पत्ता द्यायचा, झालं. पण बाईंनी माझी मुलाखतच घेतली. गोळ्या कुठल्या? इन्सुलिन आहे का? किडनीचा रिपोर्ट कसा आहे, क्रिएटिनिन किती? जेवता किती वाजता? रात्री जेवल्यावर काय खाता? मी म्हणलं काही नाही. तर म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा, डबा मला लावायचाय, डॉक्टरला नाही सांगत मी." मग सांगितलं की बेदाणे. तासगावचा मित्र आहे, दर वर्षी पाच किलो देतो, टीव्ही बघता बघता मूठभर जातात. त्या म्हणाल्या मूठभर म्हणजे एक भाकरी खाल्ल्यासारखंच आहे, रात्री दहा वाजता. नंतर मी हिशोब केला तर तंतोतंत तसंच निघालं, बेदाण्यात शंभर ग्रॅमला पाऊणशे ग्रॅमच्या वर कार्ब (म्हणजे साखर-पिठाचा भाग) असतात, माझी मूठ चाळीस ग्रॅमची. वाईट वाटलं. बेदाणे शेजाऱ्यांना दिले.

(वयानं काकू माझ्याच बरोबरीच्या असतील, पण गल्लीत सगळे काकू म्हणतात म्हणून मी पण काकू म्हणतो. त्यांच्या मिस्टरांना वीस वर्षं शुगर होती, पाय गेला होता त्यात. त्यातनंच हे सुरू झालं एवढंच त्यांनी सांगितलं, मी पुढं विचारलं नाही.)

आता डबा. चार कप्प्यांचा स्टीलचा. सगळ्यात वरच्या कप्प्यात कच्चं, काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो, कधी कांद्याची पात, कधी कोबीची कोशिंबीर, वर लिंबाची फोड. दुसऱ्यात पालेभाजी नाहीतर फळभाजी, आणि हा कप्पा गच्च भरलेला असतो, बाकीचे डबेवाले भाजी दोन चमचे देतात आणि चपात्या चार, इथं उलटं. पालेभाज्या तर मी पन्नाशीत पहिल्यांदा एवढ्या खाल्ल्या, शेपू, चाकवत, तांदळी, माठ, अंबाडी, घोळ, हरभऱ्याचा पाला. तिसऱ्यात उसळ किंवा घट्ट आमटी, मटकी, मूग, हुलगा, चवळी, मसूर, बुधवारी आणि रविवारी ज्याला पाहिजे त्याला अंडाकरी. चौथ्यात दोन भाकऱ्या, आणि त्या बघून मी पहिल्या दिवशी हसलो होतो कारण त्या बशीएवढ्या असतात.

ही भाकरीच या डब्याची खरी गंमत आहे. काकूंकडं ओट्यावर छोटा डिजिटल काटा आहे, सोनाराकडं असतो तसला, आणि प्रत्येक उंडा त्यावर ठेवूनच थापतात, ८० ग्रॅम. ना कमी ना जास्त. मी एकदा डबा परत द्यायला गेलो तेव्हा बघितलंय, दोन बाया थापायला होत्या आणि काकू नुसत्या काट्याजवळ. ८० ग्रॅमच्या उंड्यात पीठ साधारण पंचेचाळीस ग्रॅम, म्हणजे तीसेक ग्रॅम कार्ब, दोन भाकऱ्यांचे साठ. आमच्या घरातल्या भाकरीचा उंडा मी नंतर मोजला (पुण्याहनं बायको दोन दिवस आलेली तेव्हा) तर १३५ ग्रॅम. आणि मी तशा दोन खायचो, कधी अडीच, आणि वर भात, आणि सगळ्यांना सांगायचो की आपण तर बाबा भाकरीच खातो, चपाती नाही, तरी शुगर का वाढते कळत नाही.

इथंच माझं आणि काकूंचं वाजलं. माझं म्हणणं ज्वारी शुगरला चांगली, गहू वाईट, सगळेच म्हणतात, २०२३ ला तर संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचं वर्षच केलेलं. काकू म्हणाल्या दोन्ही धान्यंच आहेत, वजन बघा. मला काही पटेना. मग त्यांनी एक आठवडा मला त्याच वजनाच्या चपात्या दिल्या, ८० ग्रॅमचा गोळा, बिन तेलाच्या, बाकी डबा तसाच. माझ्याकडं बोट टोचून शुगर बघायचा मीटर होताच. नोंदी वहीत आहेत, त्यातल्या दोन देतो. ज्वारी : जेवणाआधी १२९, पहिल्या घासापासनं दोन तासांनी १७१. गहू : आधी १२४, नंतर १७६. बाकीच्या दिवशी पण असाच पाच-दहाचा फरक, कधी इकडं कधी तिकडं. आणि घरच्या मीटरमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं चालतंच, मी एकदा एकाच बोटातनं दोन मिनिटांच्या फरकानं दोन पट्ट्या घेतल्या तर १५२ आणि १६४. म्हणजे पाच-दहाला काही अर्थ नाही. ज्वारीत आणि गव्हात शंभर ग्रॅमला कार्ब ६५-७० च्या घरातच, आणि चोकर न काढलेल्या गव्हाच्या पिठात तंतूही ज्वारीएवढेच. मग घरातल्या भाकरीनं काय होतं? १३१ वरनं २२८. तीच ज्वारी, तोच जतचा शाळू, फक्त उंडा मोठा.

मी तरी भाकरीच घेतो. खर्ड्याबरोबर चपाती म्हणजे काय जेवण आहे का.

पट्ट्यांचा खर्च विचारणारे विचारतील म्हणून, एक पट्टी मला १९ रुपयाला पडली, चार महिन्यांत एकशेदहा गेल्या, दोन हजाराच्या वर झाले. पण मी म्हणतो डबा लावा नाहीतर नका लावू, मीटर लावाच, आणि नुसती सकाळची फास्टिंग बघत बसू नका. बारा वर्षं मी फास्टिंगच बघत होतो आणि ती १३०-१४० आली की खुश. जेवल्यावर दोन तासांनी काय होतंय ते कधी बघितलंच नव्हतं. पहिल्यांदा पोह्यांनंतर बघितलं, फक्त एक प्लेट, शेव नाही, तर १२८ वरनं २३६. पोह्याला मी आयुष्यभर हलका नाश्ता समजत होतो. डॉक्टरांनी मला टार्गेट दिलंय ते जेवणाआधी ८० ते १३०, नंतर १८० च्या आत, तुमचं वय-गोळ्या-आजार बघून तुमचं वेगळं असू शकतं. आणि एक, बोट टोचायच्या आधी हात साबणानं धुवा. मी एकदा संत्रं सोलून तसंच टोचलं तर २९१, हात धुऊन परत घेतलं तर १५५. दोन मिनिटं छातीत धडधडत होतं.

डब्याबरोबर काकू एक नियम पण देतात, फुकट. वरच्या कप्प्यापासनं खाली यायचं. आधी कच्चं, मग भाजी-उसळ, भाकरी शेवटी. डबा तसाच लावलेला असतो मुद्दाम. मला हे शुद्ध खूळ वाटलं कारण भाकरीशिवाय उसळ चमच्यानं खायची म्हणजे दवाखान्यात ॲडमिट असल्यासारखं वाटतं. पण केलं. तोच मटकीचा डबा दोन सोमवारी, एकदा नेहमीसारखा कालवून खाल्ला तर १९१, एकदा वरनं खाली खाल्ला तर १६६. दोन दिवसांच्या नोंदीला कुणी शास्त्र म्हणणार नाही हे मला कळतं, पण डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले बरोबर आहे, यावर अभ्यास झालेत, भाजी आणि प्रोटीन आधी पोटात गेलं की मागनं आलेलं पीठ सावकाश पचतं. आता मी मधला मार्ग काढलाय, कच्चं आणि निम्मी भाजी आधी, मग उरलेलं भाकरीबरोबर. माणूस आहे शेवटी.

चव. प्रामाणिकपणे, सोमवार ते बुधवार मस्त, शुक्रवारी कंटाळा. अंबाडीची भाजी आणि हुलग्याचं माडगं काकूंचा हातखंडा, भरली वांगी तर कृष्णाकाठची, ती पांढरट हिरवी, त्याबद्दल सांगलीकराला काय सांगायचं. आक्खा मसूर पण करतात, इस्लामपूर-कराडच्या ढाब्याची चव नाही येत, तेवढं तेल नसतं ना, पण वाईट नाही. दुधीचं मात्र काही खरं नाही. दुधी दर आठवड्याला येतो आणि दर आठवड्याला तसाच लागतो. शेंगदाण्याचं कूट मात्र सगळ्यात, आणि ही माझी खरी तक्रार आहे, कुटानं शुगर फार नाही वाढत हे मान्य, पण शंभर ग्रॅम शेंगदाण्याला साडेपाचशेच्या वर कॅलरी, वजन उतरवायचं असेल तर ते कूट हळूच वजनकाट्याला लागतं. काकूंना सांगितलं, म्हणाल्या कूट काढलं तर सांगलीतली निम्मी गिऱ्हाईकं जातील. खरंय त्यांचं पण.

मीठ पण थोडं जास्त असतं. मला बीपी नाही म्हणून चालतंय, तुम्हाला असेल तर आधीच सांगा, वेगळं काढून देतात.

गुरुवारी डबा बंद. काकू वाडीला जातात, नरसोबाच्या, गेली कित्येक वर्षं, त्यात बदल नाही. म्हणजे महिन्यात चार-पाच दिवस तुमचं तुम्ही बघायचं. मी गुरुवारी ताक, दोन उकडलेली अंडी (आता फुटत नाहीत) आणि बुधवारची उरलेली भाकरी असं करतो. एका गुरुवारी मोह झाला, हरभट रोडवर गेलेलो, भडंग घेतली, म्हणलं चुरमुरेच तर आहेत, हवा. २१९. हवा कसली, चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळच की. आता भडंग पूर्ण सोडलीय असं म्हणलं तर खोटं होईल, एक मूठ, त्यात जास्तीचा कांदा-शेंगदाणे, आणि जेवणानंतर नाही.

आता जे झालं ते सांगतो, कारण चांगलंच सांगत बसलो तर मला कुणी काकूंचा भाऊ समजेल. डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी डबा आलाच नाही. रोज एकला येतो. माझी सवय पावणेएकला गोळी घेऊन बसायची, ती पण घेतलेली. माझ्या गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही आहेत, त्यातली ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलाय का नाही ते ती बघत नाही. दोन वाजता हात थरथरायला लागले, घाम, डिसेंबरात, आणि टीव्हीवरच्या बाईचं बोलणं कळेना. आधी वाटलं भूक लागली असेल. मग टोचून बघितलं तर ६१. सत्तरच्या खाली गेलं की लगेच साखर घ्यायची हे मला माहीत होतं, पण डोकं चालत नव्हतं, घरातली बरणी उघडून शेंगदाणे खात होतो. शेंगदाण्यानं काय होतंय, ते कितीतरी उशिरा पचतात. नशीब शेजारचा पोरगा आला, त्यानं पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी ८४. डबा आला दोन वीसला. डबा आणणाऱ्या पोराची गाडी शंभर फुटी रोडवर पंक्चर झालेली आणि मोबाईलची बॅटरी संपलेली.

मी काकूंना फोन करून नको नको ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, आणि संध्याकाळी स्वतः डबा घेऊन आल्या. तेव्हापासनं दोन गोष्टी बदलल्या. पोराला दहा मिनिटं जरी उशीर होणार असेल तर घरनं फोन येतो. आणि दुसरी त्यांनी मलाच सांगितली, जी खरं तर बारा वर्षांत मला कळायला हवी होती, की भाऊ, डबा हातात आल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही. डॉक्टर पण तेच म्हणाले. शिवाय म्हणाले की तुमचं जेवण कमी झालंय आणि गोळी जुनीच चाललीय, हे मला डबा सुरू करताना सांगायला हवं होतं, आणि ग्लिमेपिराइडचा डोस निम्मा केला. म्हणून सांगतोय, ज्यांना असली गोळी किंवा इन्सुलिन आहे त्यांनी हा डबा किंवा कुठलंही डाएट सुरू करायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. आमच्या ऑफिसात दीक्षित का दिवेकर यावर पाच वर्षं भांडणं चाललीत, दोनदा जेवायचं का दर दोन तासांनी, आणि त्यात कुणी कुणाला "तुझी गोळी कुठली रे" एवढं विचारलेलं मी ऐकलं नाही.

आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवा. मी ठेवतो, चहाच्या टपरीवर मिळतात त्या. शुगरवाल्याच्या खिशात साखर बघून लोक हसतात, हसू दे.

भोगीच्या डब्याबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. १३ जानेवारीला डबा उघडला आणि तिळाची बाजरीची भाकरी, तीच ८० ग्रॅमवाली पण वर तीळ चांगले दाबून लावलेले, भोगीची भाजी, त्यात वांगं, गाजर, घेवडा, पावटा, ओला हरभरा, आणि लोण्याचा एक छोटा गोळा. लोण्याचा! मी फोन करून विचारलं चुकून आला का. म्हणाल्या लोण्यानं शुगर वाढत नाही, रोज नाही देत मी, सणाला जेवा. दुसऱ्या दिवशी संक्रांतीला तिळगूळ मात्र नाही, तिळाची चटणी पाठवली आणि वर चिठ्ठी, "गोड बोला, गोड खाऊ नका." चिठ्ठी फ्रिजवर आहे अजून. (तिळगूळ ऑफिसात खाल्ला. दोन वड्या. टोचलं नाही त्या दिवशी.)

हुरड्याच्या दिवसांत काकूंनी हुरडा दिला नाही, मी मागितला तरी. तो मी मिरजेच्या मेव्हण्याच्या रानात जाऊन खाल्ला, वर गूळ नको म्हणलो आणि दह्याबरोबर खाल्ला, आल्यावर १८८. वाईट नाही म्हणायचं.

रिपोर्ट. मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत एचबीएवनसी केली, ७.४. साडेतीन महिन्यांत ८.९ वरनं. वजन ८१ वरनं ७६.५. डॉक्टर खुश, पण माझ्यासारखं लगेच डोक्यावर घेऊन नाचले नाहीत. म्हणाले डब्याला श्रेय द्या, पण तुम्ही रात्री जेवल्यावर वीस मिनिटं चालताय ते पण धरा, बेदाणे सुटले ते धरा, आणि ७.४ म्हणजे अजून ७ च्या वरच आहे. मी विचारलं की आता डायबेटिस गेला म्हणायचा का, मोबाईलवर रोज कोण ना कोण रिव्हर्सलचा कोर्स विकत असतो. ते म्हणाले नवीन नवीन शुगर असताना ज्यांनी बरंच वजन उतरवलं त्यातल्या पुष्कळांची गोळ्यांशिवाय नॉर्मल राहिलीय, त्याला रेमिशन म्हणतात, वजन परत चढलं की ती पण परत येते. तुमची तेरा वर्षांची जुनी, स्वादुपिंड दमलंय, गोळ्या कमी होतील, सगळ्या सुटतील असं मी म्हणणार नाही. आणि डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासलंय का या वर्षी? नव्हतं तपासलं. आता दोन्ही केलं, ठीक आहे, पायाला मात्र थोडी बधिरता आहे म्हणाले, अंगठ्याजवळ. ती डब्यानं जाणारी नाही.

पैसे. दोन वेळचा महिन्याला ३,८००, एका वेळचा २,१००, गुरुवार धरत नाहीत. साध्या डब्यापेक्षा हजारभर जास्त आहे, आणि मला सुरुवातीला वाटलं एवढ्याशा दोन भाकऱ्यांचे हे पैसे? पण भाजी महाग असते आणि पीठ स्वस्त, ज्या डब्यात पीठ जास्त तो स्वस्तच असणार, हे गणित मला काकूंच्या काट्याजवळ उभं राहिल्यावर समजलं. पहिले तीन दिवस ट्रायल देतात, नाही आवडलं तर तेवढ्या दिवसांचेच पैसे. ऑनलाईन पेमेंट चालतं. डबा दोन सेटमध्ये फिरतो, घासून द्यावा लागतो, न घासता दिला तर दुसऱ्या दिवशी काकू फोनवर काही बोलत नाहीत पण पोरगा तोंड वाकडं करतो.

कुणासाठी नाही हा डबा, ते पण लिहितो. किडनीचा त्रास असेल तर त्या स्वतःच नाही म्हणतात, डाळी-उसळींचं प्रमाण त्यात चालत नाही, डाएटिशियनकडनं लिहून आणा मग बघू असं सांगतात. शेतात नाहीतर हमालीला, मार्केट यार्डात राबणाऱ्याला दोन बशीएवढ्या भाकऱ्या पुरणार नाहीत. पोरांसाठी नाही. आणि ज्याला वाटतं डबा लावला की संध्याकाळचे दोन वडापाव माफ, त्यानं आठशे रुपये जास्तीचा तो दुसरा डबा लावावा, तिथं खीर पण मिळते.

स्टार द्यायचेच तर पाचात चार. अर्धा दुधीचा कापला, अर्धा त्या डिसेंबरच्या दुपारचा.

बायको पुढच्या रविवारी येतेय, नातवाला घेऊन पोरगी पण महिनाभर. काल फोनवर विचारत होती, एकटा कंटाळला असशील, आल्यावर काय करू खायला. मी म्हणलं पुरणपोळी. मग म्हणलं एकच, आणि गोळा ८० ग्रॅमचा. ती गप्प झाली, म्हणाली काय झालंय तुला. काटा मागवलाय, शुक्रवारपर्यंत येईल. एका वेळचा डबा पुढं चालू ठेवणार आहे हे अजून तिला सांगितलेलं नाही.